घरची गौर

ईशानीनं वाकून देवयानीच्या पानात पुरणपोळी ठेवली, वर तुपाची धार सोडली. ती पुढच्या पानाकडे सरकायच्या आत देवयानीनं तिचं मनगट धरलं. कौतुकानं धरावं तसंच धरलं. पण तिची बोटं त्या मनगटाभोवती फिरून एकमेकांवर आली आणि तरी आत जागा उरली. हात जरा वर उचलला तर हिरव्या बांगड्या खळकन कोपरापर्यंत गेल्या.

"मावशी, अजून एक वाढू?" ईशानीनं हसत विचारलं.

"माझं राहू दे. तू जेवलीस का?"

"मी नंतर. आईबरोबर."

हात सोडवून घेऊन ती पुढे गेलीसुद्धा. पदर खोचलेला, केसांत गजरा, तोंडानं "काका, संपवायची हं" चाललेलं. पंधरा वर्षांची मुलगी, जन्म इथला, कॅनडातल्या मार्कहॅमचा, आणि पंगतीत अशी वाढत होती की बघणाऱ्या बायकांनी आपापल्या मुलींकडे एकेक जळजळीत नजर टाकावी. त्या मुली कोपऱ्यात फोन घेऊन बसल्या होत्या.

यंदा गौरीजेवण नेमकं लेबर डेच्या सुट्टीला आलं होतं, त्यामुळे कुणालाच ऑफिसचं कारण सांगता आलं नव्हतं. अस्मिताचं बेसमेंट माणसांनी भरलं होतं. कारपेटवर चादरींच्या लांब घड्या, समोर इंडियन स्टोअरमधल्या पत्रावळी. बाकी सगळीकडे बुफे असतो, अस्मिताकडे पंगतच. तिचा नवरा रविकांत गॅरेजमध्ये प्रोपेनच्या शेगडीवर भजी तळत होता, कारण घरात तळलं की वास थेट हिवाळ्यापर्यंत मुक्काम करतो. अस्मिता स्वतः वरच्या स्वयंपाकघरात होती. खाली वाढायचं सगळं ईशानीवर सोपवलेलं.

देवयानीनं शेजारी बसलेल्या आपल्या मुलीकडे बघितलं. रुचाही तिच्याकडेच बघत होती. चौदा वर्षांची, गोल चेहऱ्याची, आईनं मुद्दाम घ्यायला लावलेल्या गडद निळ्या कुर्त्यात घामेजलेली. तिच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता: कधी बोलणार?

सकाळी गाडीत बसल्या बसल्या रुचानं विषय काढला होता.

"मॉम, ईशानी इज नॉट ओके."

"म्हणजे?"

"ती खात नाही. लाइक, कधीच नाही. ती सगळ्यांना वाढते ना, सो दॅट नोबडी नोटिसेस. मी बघितलंय, मॉम. कुठल्याच पार्टीत ती जेवली नाहीये. प्लीज, तू अस्मिता मावशीशी बोल. पण एकटीशी. सगळ्यांसमोर नाही. प्रॉमिस मी."

"बरं."

"से प्रॉमिस."

"प्रॉमिस, बाई."

रुचानं सुटकेचा श्वास टाकला होता. देवयानीनं मात्र गाडी चालवता चालवता दुसरंच काहीतरी अनुभवलं. तिला आधी जे वाटलं ती काळजी नव्हती. उन्हात तापलेल्या गाडीत एसी सुरू झाल्यावर वाटतं, तसं तिला वाटलं. काळजी आली, नाही असं नाही, पण ती हायवे संपता संपता आली, आणि आली तीही अशी की कुणी बघितलं तर बरं दिसावं म्हणून.

देवयानी वाईट बाई नव्हती. तिला ओळखणारी सगळी माणसं हेच सांगतील आणि त्यात खोटं काही नाही. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं बेसमेंट फ्लड होवो, डबा घेऊन पहिली पोचणार ती देवयानी. पण मंडळाच्या गणपतीत मुलींचा नाच बसवताना अस्मितानं रुचाला शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि सगळ्या आयांच्या देखत म्हणाली होती, "नऊवारीत जरा भरलेली दिसते गं ती. फोटोत बरं नाही येत." ते एक वाक्य देवयानीच्या पोटात दोन वर्षं जसंच्या तसं होतं. अस्मिताला ती काही बोलली नाही. घरी येऊन रुचाला बोलली. त्या दिवसापासून त्यांच्या घरात दुसरी पोळी बंद झाली, चिप्स वरच्या कपाटात गेले, ट्रेडमिल आली आणि प्रत्येक जेवणाला ईशानीचं नाव निघू लागलं. ईशानीकडे बघ. ईशानी कशी राहते बघ. ईशानीला कधी सांगावं लागतं का?

अलीकडे अस्मिता असलं काही बोलत नव्हती. वजनाचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जायची. देवयानीनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावून टाकला होता: जिंकलेल्या माणसाला बोलायची गरज उरत नाही.

तरीही आज ती प्रॉमिस पाळणार होती. जेवणं झाली की अस्मिताला बाजूला घ्यायचं, हळू आवाजात सांगायचं, असं तिनं अगदी वाक्यांसकट ठरवलं होतं. त्या वाक्यांत "मला बोलायला बरं वाटत नाहीये, पण" हे दोनदा येत होतं. आणि ते तसंच झालंही असतं, दादासाहेबांनी तोंड उघडलं नसतं तर.

दादासाहेब म्हणजे रविकांतचे वडील. सांगलीहून, मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांच्या सुपर व्हिसावर आलेले, पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसलेले, आणि इथल्या थंड, शांत घरात महिनोन्‌महिने गप्प बसून काढल्यानंतर आज माणसं मिळाल्यामुळे खुशीत आलेले. रुचा भाताचा घास तोंडात घालत असताना त्यांची नजर तिच्यावर गेली.

"ही बघा, ही मनापासून जेवते," ते म्हणाले. "आमची ईशानी म्हणजे नुसती काडी. देवानं दोघींना एकत्र कालवून निम्मं-निम्मं वाटायला हवं होतं."

पंगत हसली. मोकळेपणानं, भरल्या पोटानं हसली. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. रुचाचा हात पानावर थांबला आणि मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली.

देवयानी उठून उभी राहिली.

"खरं बोललात दादासाहेब," ती म्हणाली. तिचा आवाज इतका गोड झाला होता की तिचं तिलाच नवल वाटलं. "पोरगी काडी होणार नाही तर काय? कधीपासून बघतेय, सगळ्यांना वाढते, स्वतः एक घास खात नाही. आज गौरी जेवायच्या दिवशी घरची गौर उपाशी ठेवायची का आपण?"

"बरोबर!" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"ईशानी, ठेव ते भांडं. बस इथे. आज आम्ही तुला वाढणार."

"नको मावशी, मी नंतर जेवते. खरंच."

"नंतर-बिंतर काही नाही. प्रत्येकानं एकेक घास भरवायचा. माहेरवाशिणीला भरवतात तसा."

रुचानं खालून आईच्या साडीचा काठ ओढला. "मॉम. मॉम, स्टॉप."

काठ सोडवत देवयानी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तू जेव गं. तुला काही कुणी आग्रह करावा लागत नाही."

पुन्हा सगळे हसले. या वेळी जरा जास्तच. रुचानं काठ सोडला.

कुणीतरी सोफ्यावरची उशी आणून चादरींच्या मधोमध टाकली. कुणी पत्रावळ मांडली, कुणी भोवती पटकन तांदळाच्या पिठाची रांगोळी ओढली. बघता बघता गंमत जमून आली. आपल्या लोकांना एकदा आग्रहाचा हुरूप चढला की समोरच्याचं "नको" ऐकूच येत नाही. "नको" हा आग्रहातला त्याचा वाटा आहे असं आपण धरून चालतो. ईशानीनं किती वेळा "नको" म्हटलं, ते तिथल्या एकानंही मोजलं नसेल. दोन बायकांनी तिला खांद्याला धरून उशीवर बसवलं. जयदीप नावाच्या एका उत्साही गृहस्थानं फोन काढला. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ हवा होता.

तेवढ्यात अस्मिता कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"तुझ्या लेकीचे लाड," देवयानी म्हणाली.

"अगं नको, ती माझ्याबरोबर जेवते नंतर. आमचं ठरलंय."

"तुझ्याबरोबर रोजच जेवते की. आज आमच्याबरोबर." देवयानीनं मान तिरकी करून विचारलं, "का गं? जेवू नये असं काही आहे का?"

बेसमेंटमध्ये सगळे अस्मिताकडे बघायला लागले. दादासाहेबही बघत होते. अस्मिताच्या हातातलं पातेलं किंचित कललं आणि आमटीचा एक ओघळ तिच्या पैठणीवर आला, तो तिनं पुसला नाही. देवयानी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावरून रंग उतरताना बघायला तिला आवडलं. दोन वर्षांनी का होईना, आवडलं.

ईशानी आईकडे बघत होती. काहीतरी म्हण, एवढंच त्या नजरेत होतं, आणि ते आंधळ्यालाही कळलं असतं.

अस्मितानं खाली बघितलं.

"एकच घास घे बाळा," ती म्हणाली. "सगळे एवढं म्हणतायत तर."

पहिला घास देवयानीनं भरवला. पुरणपोळीचा तुकडा, तुपात बुडवलेला, चांगला मोठा. ईशानीनं तोंड उघडलं. तिचे डोळे देवयानीच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीवर कुठेतरी लागले होते. तिनं घास चावला, गिळला आणि हसली. मग दादासाहेब गुडघ्यावर हात टेकत उठून आले, त्यांनी नातीला भजं भरवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग एक काकू आल्या. मग दुसऱ्या. कुणी भात, कुणी खीर, कुणी "माझ्या हातचा नाही खाणार?" असं म्हणत लाडू. एकच घास कुणाचाच नव्हता. ईशानी तोंड उघडत होती, गिळत होती आणि दर वेळी हसत होती. घास गालात असतानाच पुढचा हात यायचा. एकदा तिला ठसका लागला तेव्हा सगळ्यांनी "पाणी, पाणी" केलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर रांग परत सुरू झाली. मांडीवर ठेवलेल्या तिच्या हातांची नखं साडीत रुतलेली होती. फोनच्या चौकटीत तेवढा भाग येत नव्हता.

रांग संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ईशानी उठली, तिनं उशी उचलून सोफ्यावर जागच्या जागी ठेवली. "थँक्यू," ती कुणाकडेच न बघता म्हणाली आणि जिना चढून गेली. धावली नाही. अस्मितानं पातेलं पहिल्या दिसेल त्या टेबलावर ठेवलं आणि तिच्यामागे गेली.

देवयानी थोडा वेळ थांबली. दोन-चार जणींनी तिची पाठ थोपटली ती थोपटून घेतली. मग हात धुवायचं निमित्त करून तीही वर निघाली. अस्मितानं आता कबूल करावं, निदान एकदा मान खाली घालून तिच्यासमोर उभं राहावं, एवढंच तिला हवं होतं. त्यानंतर ती मदत करणार होती. मनापासून करणार होती. चांगली डॉक्टर शोधून देणार होती.

फॅमिली रूममध्ये दोन्ही गौरी दागिने घालून उभ्या होत्या, समोर नैवेद्याची ताटं भरलेली. तिथे कुणी नव्हतं. देवयानी आणखी एक जिना चढली. बेडरूम्सच्या पॅसेजमध्ये वॉशरूमचं दार बंद होतं आणि आत नळ पूर्ण सोडलेला ऐकू येत होता. दाराला पाठ लावून, पैठणीसकट, अस्मिता जमिनीवर बसली होती.

देवयानी थबकली. ठरवलेली वाक्यं तिला आठवली. "अस्मिता, मला बोलायला बरं वाटत नाहीये, पण ईशानीला प्रॉब्लेम आहे. रुचानं बघितलंय. ती खात नाही."

"खाते," अस्मिता म्हणाली.

"हे बघ, आई म्हणून आपल्याला वाटतं—"

"खाते ती. आज सकाळी जेवली, तुम्ही यायच्या आधी, माझ्यासमोर बसून. दिवसातून जितक्या वेळा सांगितलंय तितक्या वेळा जेवते. मी समोर बसते. तिचं होईपर्यंत उठत नाही." अस्मिताचा आवाज चढला नव्हता. जणू किराण्याची यादी वाचत होती. "मार्चमध्ये पुण्याला जातोय असं सगळ्यांना सांगितलं, पण आम्ही गेलो नव्हतो. ती हॉस्पिटलमध्ये होती. हृदयाचे ठोके नीट पडत नव्हते तिच्या."

देवयानीनं बंद दाराकडे बघितलं.

"लोकांत खायला तिला अजून जमत नाही. सगळे ताटात बघतात, बोलतात. म्हणून तिथल्या थेरपिस्टशी बोलून ठरवलं होतं. आधी जेवून घ्यायचं, मग पंगतीत वाढायचं, अन्नाच्या जवळ राहायचं, आणि कुणी काही म्हणायचं नाही. वाढणाऱ्या मुलीला आपल्यात कुणी जेव म्हणत नाही ना, म्हणून मला वाटलं, ही जागा बरी." आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. अस्मितानं मान वळवून दारावर बोटांनी हलकेच ठोठावलं. "ईशू, मी इथेच आहे." तिनं मान परत सरळ केली. "उन्हाळाभर हे ओकून टाकणं झालं नव्हतं," ती म्हणाली. "एकदाही नाही. आज सकाळी मला म्हणाली, आई, सगळे गेले ना, की आपण दोघी पुरणपोळी खाऊ. अर्धी. मी मागितली नव्हती. तिनंच सांगितलं. उद्यापासून शाळा आहे."

नळाचं पाणी चालूच होतं.

"मला काय माहीत हे सगळं?" देवयानी म्हणाली. "सांगितलं असतंस तर—"

"तुला माहीत नसतं तर तू तिला एक पोळी वाढून सोडून दिली असतीस."

अस्मितानं पहिल्यांदाच वर बघितलं. देवयानीला वाटलं, आता ही शिव्या देईल, घराबाहेर काढेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण अस्मितानं दोन्ही हात जोडले. आमटीनं चिकट झालेले हात.

"खाली कुणाला बोलू नकोस, देवयानी. दादासाहेबांना माहीत नाही. पोरीचं नाव खराब होईल. तुझ्या पाया पडते."

देवयानी मागे सरकली, मान हलवली आणि जिना उतरली. गौरींसमोरून जाताना तिनं सवयीनं हात जोडले.

बेसमेंटमध्ये विडे वाटणं चाललं होतं. जयदीपचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर गेला होता आणि बायका एकमेकींच्या खांद्यावरून तो बघत होत्या. त्यात ईशानी हसत होती.

"ये ये," दादासाहेब म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. "बाई, तू आज पुण्याचं काम केलंस. माझ्या नातीला इतकं जेवताना मी इथे आल्यापासून बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षीही तूच बसव तिला."

"हो," देवयानी म्हणाली.

ती आपल्या पानापाशी येऊन बसली. रुचा तिथेच होती. तिच्या समोरचा भात तसाच होता, आमटी सुकून कडेला चिकटलेली, पोळीला हात लागलेला नव्हता.

"इज शी ओके?" रुचानं विचारलं. ती आईकडे बघत नव्हती.

"हो. दमलीये जरा. झोपलीये."

"ओके."

एक काकू शेवटची पोळी घेऊन फिरत होत्या. रुचाजवळ येऊन वाकल्या. रुचानं दोन्ही तळहात पानावर आडवे धरले.

"नको मला."

"अगं, अर्धी तरी?"

"नको."

"शहाणी आहे हो मुलगी," काकू म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

रुचाचे हात पानावर तसेच होते. देवयानीनं ते बघितलं. आणि वरच्या मजल्यावरून येऊन, ते सगळं ऐकून, नळाचं पाणी कानांत असताना, तिच्या मनात पहिलं जे आलं ते हे, की बरं झालं, आज न सांगता नाही म्हणाली.

ते मनात आलं, आणि आलेलं तिला कळलं. तिनं घाईघाईनं आपल्या पानातली पुरणपोळी मोडली, तुपात बुडवली आणि तो घास मुलीच्या तोंडापाशी नेला.

"खा गं," ती म्हणाली. "रुचा, एक घास खा. माझ्यासाठी."

रुचानं त्या घासाकडे बघितलं, मग आईकडे. तोंड न उघडता ती हसली, अगदी छान हसली, आणि उठून उष्टी पानं गोळा करायला लागली.